थंडीतलं शिंगरू: आधी कोरडं, मग चीक, दिवा त्यानंतर

थंडीत घोडी विणार असली की बहुतेक जण चौकशी करतात ती ऊब देणाऱ्या दिव्याची आणि झुलीची. दिवा किती वॅटचा लावायचा, झूल कुठल्या मापाची घ्यायची. दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत, पण त्यांचा नंबर तिसरा-चौथा लागतो. निरोगी शिंगरू गारठतं ते मुख्यतः दोन कारणांनी. एक तर ते ओलं राहिलेलं असतं, नाहीतर त्याच्या पोटात वेळेवर चीक, म्हणजे विल्यानंतरचं आईचं पहिलं घट्ट दूध, गेलेला नसतो. ही दोन कामं नीट झाली तर कडाक्याच्या थंडीतही शिंगरू स्वतःची ऊब स्वतः राखतं. आणि अंग कोरडं आहे, पोट भरलेलं आहे, तरी शिंगरू गार पडतंय, असं दिसलं तर दोष थंडीचा नाही. ते शिंगरू आजारी आहे असंच धरून चालायचं.

मुळात घोडीचा माजाचा हंगाम मोठ्या दिवसांचा आणि गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा, साधारण ३४० दिवसांचा. त्यामुळे निसर्गात शिंगरं जन्मतात ती हवा उबदार होऊ लागल्यावर. पण शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचं वय उत्तर गोलार्धात १ जानेवारीपासून आणि दक्षिण गोलार्धात १ ऑगस्टपासून मोजतात. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं शिंगरू पुढे आपल्या वयाच्या गटात थोरलं ठरतं. म्हणून घोड्यांना दिवसाचे सोळा तास उजेडात ठेवून लवकर माजावर आणतात आणि मग वेत भर थंडीत येतं. त्यात घोड्या बहुतेक रात्रीच वितात, म्हणजे चोवीस तासांतल्या सगळ्यात गार वेळी.

शिंगराच्या बाजूनं पाहा. आईच्या पोटातल्या ३८ अंशांतून ते गारठ्यात येतं, तेही पूर्ण ओलं. वजन ४५ ते ५० किलो असलं तरी चरबी अगदी थोडी, आणि यकृतात व स्नायूंत साठवलेली साखर काही तासांतच संपणारी. सरावलेला मोठा घोडा ५ अंशांच्या आसपासही अंगची ऊब सहज टिकवतो. नवजात शिंगराची ही मर्यादा २० अंशांच्या आसपास आहे. आपल्याला सुखाची वाटते त्या हवेतही त्याला ऊब राखायला इंधन जाळावं लागतं, आणि ते इंधन बाहेरून फक्त आईच्या कासेतून येतं.

जागेची तयारी

विण्याची खोली निदान ३.६ मीटर लांब-रुंद हवी, ४.२ मीटर असली तर उत्तम. लहान खोलीत घोडी भिंतीला टेकून विते, मग शिंगराला कोरड्या जागी सरकवायला जागाच उरत नाही. खाली रबरी मॅट असो वा नसो, वर लांब काडीचा स्वच्छ, कोरडा पेंढा किमान २० सेंटीमीटर जाड पसरावा आणि भिंतींच्या कडेनं त्याची उंच पाळ घालावी. पाळ असली की भिंतीतून येणारा गारवा अडतो आणि शिंगरू कोपऱ्यात अडकून बसत नाही. लाकडाचा भुसा एरवी चांगला, पण विण्याच्या वेळी नको. तो ओल्या अंगाला, नाकपुड्यांना आणि बेंबीला चिकटतो, पुसलं तरी निघत नाही, आणि भुशानं माखलेले केस लवकर वाळत नाहीत.

पेंढा पुरेसा आहे का हे पाहायची सोपी रीत आहे. शिंगरू जिथे बसेल तिथे गुडघे टेकून मिनिटभर बसा. गुडघे ओले झाले किंवा फरशीचा गारवा लागला तर पेंढा कमी पडतोय. त्याच वेळी खाली वाकून श्वास घ्या. डोळ्यांना आणि नाकाला झोंबलं तर मुताची वाफ तळाशी साठते आहे. उभ्या माणसाला हा वास येत नाही, पण शिंगराचं नाक दिवसाचा बराच वेळ नेमकं त्याच उंचीवर असतं. छातीचे आजार तिथून सुरू होतात.

वाऱ्याच्या बाबतीत हमखास उलटं केलं जातं. थंडी आहे म्हणून वरच्या खिडक्या, झरोके सगळं बंद करतात आणि दाराखालची चार बोटांची फट तशीच राहते. करायचं याच्या अगदी विरुद्ध. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत एकही फट नको, आणि वरची हवा खेळती हवी. गुडघ्याच्या उंचीवर पातळ कागदाची पट्टी धरून दारं-भिंतींजवळून फिरवा, ती कुठे हलते ते दिसतं. तिथे फळी ठोका. गोणपाट किंवा दोऱ्या लोंबत ठेवू नका, त्यात शिंगराचा पाय अडकतो.

घोडीच्या अंगावर झूल असेल तर कळा लागायच्या आत काढून ठेवा. पोटाखालच्या पट्ट्यांत शिंगराचा पाय जातो, आणि झुलीच्या कापडाखाली त्याला कास सापडत नाही. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसू लागले की रात्र-दोन रात्रींत विण्याची शक्यता बरीच असते, मात्र काही घोड्या मेण न दाखवताही वितात. हाताशी ठेवायचं सामान फार नाही. जाड सुती टॉवेल आठ-दहा (दोन-तीन पुरत नाहीत, तिसऱ्या टॉवेलनंतर नुसतं पाणी पसरवणं होतं), डिजिटल थर्मामीटर, थोडं वंगण, बेंबीचं औषध, बाटली आणि निपल, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, कोऱ्या पेंढ्याच्या दोन-तीन गाठी आणि चांगली बॅटरी. पशुवैद्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला बरा. रात्री दोन वाजता ओल्या हातांनी फोनमध्ये नाव शोधणं अवघड जातं.

पहिला अर्धा तास

शिंगरू बाहेर आलं की पहिलं काम नाकपुड्यांवरची पातळ पिशवी बाजूला करून नाक-तोंड पुसायचं. श्वास सुरू आहे ना, एवढं बघा. मागचे पाय धरून उलटं लटकवू नका. नाळ कापू नका, ओढू नका. घोडी विल्यावर बरेचदा दहा-वीस मिनिटं पडून राहते. ती उठली किंवा शिंगरू धडपडलं की नाळ तिच्या ठरल्या जागी आपोआप तुटते. घाईनं तोडली तर बेंबीतून रक्तस्राव होऊ शकतो.

पुसायला मात्र नाळ तुटण्याची वाट पाहायला नको. नाळेला ताण न देता डोकं, कान, मान आणि छाती यांच्यापासून सुरुवात करा. ओल्या अंगावरून पाण्याची वाफ होताना जेवढी ऊब जाते तेवढी दुसऱ्या कशानंही जात नाही, आणि ओले केस चिकटून बसल्यानं त्यांच्यातला हवेचा थरही नाहीसा झालेला असतो. टॉवेल आधी केसांच्या दिशेनं फिरवून पाणी टिपून घ्या. मग उलट दिशेनं, खरारा करतात तसं जोर लावून चोळा, म्हणजे केस उभे राहतील. चोळण्यानं रक्ताभिसरण वाढतं, श्वास खोल होतो आणि शिंगरू जागं होतं. टॉवेल जड झाला की लगेच दुसरा घ्या.

दुर्लक्षित जागा ठरलेल्या आहेत: कानांची आतली बाजू आणि टोकं, काखा, मांड्यांमधली जागा, शेपटीचं मूळ, खुरांच्या वरची कडा. हवा शून्याखाली असेल तर ओल्या कानांची टोकं गोठून मरतात आणि काही दिवसांनी झडतात. कानाची टोकं बोटांत धरून पूर्ण कोरडी होईपर्यंत पुसायची. अंगाला दारू चोळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दारू उडून जाताना कातडी आणखी गार करते.

घोडीला या सगळ्यातून बाजूला काढायचं नाही. ती चाटते त्यानं शिंगरू वाळतंही आणि दोघांची ओळखही पटते. म्हणून शिंगराच्या मागच्या भागावरचा थोडा ओलावा तसाच ठेवा, आणि वापरलेला एखादा ओला टॉवेल तिच्या नाकापाशी टाका. पहिलटकरीण असेल तर हे जास्त पाळायचं. माणसांचा वास आणि गडबड यांमुळे बिथरलेली घोडी शिंगराला कासेपाशी येऊ देत नाही, आणि मग ऊब देणारी सगळ्यात मोठी गोष्टच हातची जाते. दोन माणसं पुरेत, एक घोडीच्या डोक्याशी आणि एक शिंगरापाशी.

विताना आलेलं पाणी पेंढ्यात मुरलेलं असतं, कित्येक लिटर. नाळ तुटली की शिंगराच्या छातीखाली आणि मांड्यांखाली हात घालून त्याला घोडीच्या डोक्याकडच्या कोरड्या पेंढ्यावर सरकवा. बसवताना छातीवर बसवा, कुशीवर आडवं टाकू नका. छातीवर बसलेलं शिंगरू दोन्ही फुप्फुसांनी श्वास घेतं आणि पाय पोटाखाली असल्यानं ऊबही कमी गमावतं. घोडी उठली की ओला पेंढा काढून नवा घाला. हे काम सकाळवर टाकलं तर रात्रभर शिंगरू गार, ओल्या थरावर बसतं आणि वर लावलेल्या दिव्याचा उपयोग होत नाही.

बेंबी ०.५ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकात बुडवा. २ टक्क्यांचं द्रावण मिळालं तर त्याच्या एका भागात तीन भाग स्वच्छ पाणी घालायचं. दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-तीन दिवस. तीव्र आयोडीननं कातडी भाजते, ते टाळा. बेंबीचा आणि ऊब राखण्याचा संबंध काय, असं वाटेल. बेंबीतून शिरलेला संसर्ग रक्तात गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिंगरू गार पडतं, आणि तेव्हा कितीही झुली घातल्या तरी फरक पडत नाही.

चीक

निरोगी शिंगरू तासाभरात उभं राहतं आणि दोन तासांत पितं. घोडीची वार, म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, तीन तासांत पडायला हवी. यात उशीर झाला तर पशुवैद्याला कळवायचं, वाट बघत बसायचं नाही.

चिकातून दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे साखर आणि स्निग्धांश, म्हणजेच जाळायला इंधन. दुसरी म्हणजे रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं. शिंगरू ती आईच्या पोटातून घेऊन येत नाही, सगळी चिकातूनच घेतं. आतड्याची ती शोषून घेण्याची ताकद पहिल्या सहा-आठ तासांनंतर झपाट्यानं उतरते आणि चोवीस तासांत संपते. ५० किलोच्या शिंगराला पहिल्या सहा तासांत एक ते दीड लिटर चांगला चीक जायला हवा.

चीक चांगला आहे का हे ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे द्रवाचा दाटपणा मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर, एका थेंबात कळतं. २० ते २३ टक्क्यांच्या वर आकडा आला की निश्चिंत. विण्याआधी काही दिवस घोडीच्या सडांतून दूध गळत असेल तर चीक तेव्हाच वाहून गेलेला असतो. अशा वेळी दुसऱ्या घोडीचा गोठवून ठेवलेला चीक लागतो. तो ४० अंशांहून गरम नसलेल्या पाण्यात पिशवी ठेवून वितळवायचा. मायक्रोवेव्हमध्ये किंवा उकळत्या पाण्यात ठेवला तर प्रतिद्रव्यं नासतात आणि उरतं ते नुसतं दूध.

थंडीत शिंगरू उभं राहायला वेळ लावतं, कारण कुडकुडण्यात ताकद खर्च होते. तासाभरात उठलं नाही तर घोडीचा चीक स्वच्छ भांड्यात काढा आणि तो अंगच्या ऊबेइतका कोमट असतानाच बाटलीनं २५० ते ३०० मिलि पाजा. पाजताना शिंगरू छातीवर बसलेलं असावं आणि त्याची मान आईची कास शोधताना असते तेवढीच उचललेली असावी. मान मागे ओढून, नाक आभाळाकडे करून पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं. त्याआधी एक गोष्ट तपासायची: स्वच्छ बोट तोंडात घालून बघा. तोंड उबदार आहे आणि जीभ बोटाभोवती गुंडाळून जोरात ओढते, तर पाजायला हरकत नाही. तोंड आतून गार लागलं, जीभ ढिली राहिली, तर बाटली खाली ठेवा आणि थर्मामीटर उचला.

पुढचे दोन-तीन दिवस शिंगरू तासात पाच-सात वेळा थोडं थोडं पितं. नुसतं कासेखाली उभं दिसलं म्हणजे प्यालं असं नाही. शिंगराच्या कपाळावर, नाकावर दुधाचे ओघळ वाळलेले दिसले आणि घोडीची कास घट्ट, फुगलेली लागली, तर शिंगरू सड तोंडात न धरता तिथे नुसतं उभं आहे. दूध आपोआप त्याच्या तोंडावर गळतंय. थंडीत हे चिन्ह सहा तास नजरेआड झालं तर शिंगराचं इंधन संपतं. प्रतिद्रव्यांची रक्ततपासणी १८ ते २४ तासांनी करतात. ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आकडा असेल तर चांगलं, ४०० च्या खाली असेल तर शिरेतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला प्रतिद्रव्यं असलेला पातळ भाग, द्यावा लागतो.

तापमान

हात लावून ठरवू नका. दिव्याखाली बसलेल्या शिंगराची पाठ गरम लागते आणि आतून ते गार असू शकतं. गुदद्वारातलं तापमान ३७.२ ते ३८.९ अंश सेल्सियस, म्हणजे ९९ ते १०२ फॅरनहाइट असावं. पहिल्या दिवशी दर चार तासांनी मोजा आणि वेळेसह लिहून ठेवा. एकटा आकडा फारसं सांगत नाही. ३८.२, ३७.९, ३७.५ असा उतरता क्रम दिसला तर ३७.२ च्या खाली जायची वाट न बघता कारण शोधायला लागा.

थर्मामीटरला वंगण लावून, टोक आतल्या भिंतीला टेकेल असं धरा. लिदीत किंवा हवेच्या पोकळीत राहिलं तर आकडा खोटा कमी येतो. आणखी एक, माणसांच्या थर्मामीटरचा तळ बहुधा ३२ किंवा ३५ अंशांवर संपतो. काच-पाऱ्याचा असेल तर तो ३५ दाखवत राहील आणि शिंगरू प्रत्यक्षात ३३ वर असेल. डिजिटलवर आकड्याऐवजी ‘लो’ अशी खूण आली तर यंत्र बिघडलं असं समजू नका. शिंगरू धोक्यात आहे.

कुडकुडणं वाईट नाही. जन्मल्यावर पहिल्या तासात बहुतेक शिंगरं थरथरतात, तो ऊब निर्माण करण्याचा त्यांचा मार्ग आहे. थरथर थांबते तेव्हा नीट बघायचं. वाळलं, प्यालं, कान उभे करून इकडेतिकडे बघतंय आणि थरथर थांबली, तर ठीक. अंग ढिलं पडलंय, मान टाकलीय, उठवलं तरी उठत नाही आणि थरथर थांबली, तर इंधन संपलंय.

दिवा

इन्फ्रारेड दिव्याबद्दल माझं मत कडक आहे. त्याची गरज ओल्या शिंगराला वाळवताना, वेळेआधी जन्मलेल्या किंवा अशक्त शिंगराला आणि कडाक्याच्या रात्रींना असते. निरोगी, प्यालेल्या शिंगराला रोज रात्री लावायचं कारण नाही. तबेल्यांना लागणाऱ्या आगींची एक नेहमीची तऱ्हा हीच आहे: पेंढा, धूळ, कोळिष्टकं, आणि तारेवर लटकवलेला २५० वॅटचा दिवा.

लावायचाच असेल तर होल्डर चिनी मातीचा हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. दिव्याभोवती लोखंडी जाळी असावी. वजन वायरवर पेलायचं नाही, साखळीनं दोन वेगवेगळ्या हुकांना टांगायचं, म्हणजे एक सुटला तरी दुसरा धरून ठेवेल. उंची अशी की घोडीनं मान ताठ वर केली, दचकून पुढचे पाय उचलले तरी पोहोचणार नाही. वायर भिंतीच्या बाहेरून न्या, एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका आणि त्या लाइनला गळती झाल्यास वीज तोडणारं स्विच बसवा. मूत आणि वीज एकाच खोलीत असणार आहे. दिवा मध्यभागी नको, एका कोपऱ्यावर हवा, म्हणजे गरम झालं की शिंगराला बाजूला सरकता येईल. ऊब किती पडते हे तपासायला शिंगराच्या पाठीच्या उंचीवर हाताची मागची बाजू दोन मिनिटं धरा. सुखाचं वाटलं पाहिजे, चटका नको. शिंगरू दिव्यापासून लांब जाऊन झोपतंय, भरभर श्वास घेतंय, तर उष्णता जास्त होते आहे.

कोळशाची शेगडी, रॉकेलचा किंवा गॅसचा हीटर बंद खोलीत कधीच नको. आगीचा धोका आहेच, शिवाय त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

झूल

ओल्या अंगावर झूल घालणं म्हणजे ओलावा आत कोंडणं. केस मुळापर्यंत कोरडे झाल्यावरच घाला, आणि शिंगरू एकदा आईला प्यालं की मगच. आधी घातली तर काही घोड्या त्या अनोळखी कापडाला दात लावतात.

माप छातीच्या मध्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेपनं घ्यायचं. पट्ट्या सैल-घट्ट करता येतील अशीच झूल घ्या, कारण शिंगराचं वजन रोज किलोभराहून जास्त वाढतं आणि सोमवारी बसलेली झूल शुक्रवारी खांद्याला काचते. दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम भरणाची हलकी झूल पुरे. जड झुलीत शिंगराला उठता येत नाही, आणि उठणं, पिणं, पुन्हा झोपणं हेच तर चालू राहायला हवं. पोटाच्या पट्ट्या बेंबीच्या पुढून जाव्यात. नर शिंगराचा मूत पट्टीवर पडून बेंबी सतत ओली राहते, तेव्हा पट्टी दिवसातून दोनदा हातानं चाचपून बघा. झूल रोज एकदा पूर्ण काढून मानेखाली, खांद्यावर आणि काखेत केस झिजलेत का ते तपासायचं. झुलीखाली हात घालून ओलसर, घामट लागलं तर ती काढा. घाम वाळताना पुन्हा गारठा बसतो.

झूल नसेल तर मोठ्या माणसाचा लोकरी स्वेटर चालतो. पुढचे पाय बाह्यांतून काढा, बाह्या गुडघ्याच्या वरच कापा, आणि पोटाखालची कड दुमडून दोन टाके घाला, म्हणजे बेंबी मोकळी राहील. सेफ्टी पिन नको, नाडी नको.

गार पडलेलं शिंगरू

तापमान ३६ ते ३७.२ असेल, शिंगरू शुद्धीत असेल आणि बोट जोरात चोखत असेल तर पुन्हा कोरडं करा, झूल घाला, कोमट चीक किंवा दूध पाजा, अर्ध्या तासानं मोजा. वाढलं नाही तर फोन करा. ३६ च्या खाली असेल तर आधी फोन, मग बाकी सगळं.

इथे प्रेमापोटी होणारी सगळ्यात घातक चूक म्हणजे इतक्या गार पडलेल्या शिंगराला दूध पाजणं. अंग गारठलं की आतडी मंदावतात, गिळणं बिघडतं. दूध पोटात तसंच साचतं, पोट फुगतं, किंवा फुप्फुसात जातं. जे शिंगरू चोखत नाही त्याच्या तोंडात काहीही ओतू नका. नळीनं पाजायचं की शिरेतून साखर द्यायची हे पशुवैद्य ठरवेल. कुणी साखरेचं पाणी किंवा मध हिरड्यांना चोळायला सांगितलं तर चिमूटभर चोळण्यानं नुकसान नाही, पण तो उपचार नाही.

दुसरी चूक म्हणजे घाईनं तापवणं. आजारी, रक्तदाब उतरलेल्या शिंगराची कातडी एकदम गरम केली तर कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, रक्त बाहेरच्या बाजूला येतं आणि हृदय-मेंदूला कमी पडतं. शिंगरू तापमान वाढता वाढताच कोसळतं. म्हणून तासाला एखाद्या अंशानं, हळूहळू. रबरी पिशव्यांत ४० अंशांच्या आसपासचं पाणी भरा, प्रत्येक पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा आणि छातीच्या दोन्ही बाजूंना व मांड्यांमध्ये ठेवा. उघडी पिशवी लावली तर सुस्त शिंगरू ती ढकलू शकत नाही आणि भाजतं. जखम दोन दिवसांनी दिसते. पिशवी गार झाली की लगेच बदला, नाहीतर तीच ऊब ओढून घेते. हेअर ड्रायर मंद ठेवून, हातभर अंतरावरून, सतत फिरवत वापरता येतो. घोडी आवाजाला बुजत असेल तर नको. शिंगराखाली जाड पेंढा आणि त्यावर घोंगडी हवीच, कारण वरून कितीही तापवलं तरी गार फरशी खालून ऊब खेचत राहते. उठता येत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदला.

आणि तापवत असताना कारण शोधणं थांबवायचं नाही. केस रेशमासारखे मऊ आणि आखूड, कपाळ घुमटासारखं, कान लुळे, खुरांच्या वरचे सांधे ढिले, अशी लक्षणं असतील तर शिंगरू दिवसांनी पूर्ण झालं असलं तरी अपक्व आहे, आणि त्याला आठवडाभर बाहेरची ऊब लागू शकते. जन्मताना प्राणवायू कमी पडलेलं शिंगरू आईला ओळखत नाही, भिंती चाटत फिरतं, पीत नाही. संसर्ग झालेल्या शिंगराला ताप येईलच असं नाही. कित्येकदा ते उलट गारच पडतं, हिरड्या गडद लाल किंवा मातकट होतात. या तिन्हींत तबेल्यात बसून झुंजण्यात तास घालवू नयेत.

घोडीकडे आणि बाहेर

शिंगराची ऊब घोडीच्या बादलीपासून सुरू होते. ५०० किलोची दुभती घोडी दिवसाला ४५ ते ६० लिटर पाणी पिते. बर्फगार पाणी असेल तर कमी पिते, दूध घटतं, आणि कोरडा चारा आतड्यात अडकून पोटशूळ उठतो तो वेगळाच. गारवा मोडलेलं पाणी दिवसातून चार वेळा द्या. बादली जमिनीवर नको, छातीच्या उंचीवर अडकवा, नाहीतर शिंगरू त्यात पाय घालतं. गवत सतत समोर असू द्या. गवत पचताना अंगात ऊब तयार होते. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र विल्या दिवसापासून एकदम वाढवू नका, आठवड्याभरात चढवा.

निरोगी शिंगराला दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर बाहेर काढा. वारा नसलेली, कोरडी, उन्हाची वेळ निवडा आणि अर्ध्या तासापासून सुरुवात करा. पळण्यानं अंग तापतं, पाय घट्ट होतात. कोरड्या थंडीपेक्षा पाऊस आणि वारा एकत्र आले तर जास्त वाईट, मग आकडा १० अंश असला तरी. ओल्या जमिनीवर आडवं पडलं, पाठ कमानीसारखी करून शेपूट आत घेऊन उभं राहिलं, की वेळ संपली. आत आणून आधी पुसायचं.

दिवा एकदम बंद करू नका. सतत दिव्याखाली राहिलेल्या शिंगराचा दिवा आधी दुपारी बंद करा, मग पूर्ण दिवसभर, आणि रात्री तेवढा दोन दिवस चालू ठेवा. ज्या रात्री पहिल्यांदा बंद कराल त्या रात्री झोपण्याआधी, मध्यरात्री आणि पहाटे तापमान मोजा. तिन्ही आकडे ३७.५ ते ३८.५ च्या दरम्यान राहिले तर साखळीसकट दिवा उतरवा, धूळ पुसा आणि खोलीबाहेर ठेवा.